शार्लट्सव्हिलजवळचा सोपस्टोनचा ओटा: सगळा घोळ एका शिरेचा

मी इकडे व्हर्जिनियात काउंटरटॉपच्या एका छोट्या शॉपमध्ये टेम्प्लेट आणि लेआउट बघतो, म्हणजे घरी जाऊन मापं काढायची आणि ती मापं दगडावर कुठे बसवायची ते ठरवायचं. कटिंगवाले वेगळे, बसवणारे वेगळे, पण काही चुकलं की फोन मलाच येतो. हे प्रकरण एका मित्राच्या घरातलं आहे, त्यामुळे टेम्प्लेटपासून शेवटच्या पॉलिश पेपरपर्यंत सगळीकडे मी होतो आणि म्हणून नीट लिहिता येतंय. सोपस्टोनबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही, आणि इकडे बरेच मराठी लोक आता किचन नवं करताना विचारतात की "तो काळा मऊ दगड कसा असतो रे", तर हे घ्या.

घर शार्लट्सव्हिलच्या बाहेर, जुनं, लाकडी जमिनीचं. मित्र, वहिनी, दोन पोरं आणि त्या वेळी सांगलीहून आलेल्या वहिनींच्या आई, म्हणजे काकू. आधीचा ओटा लॅमिनेटचा होता, कडा फुगलेल्या, शेगडीशेजारी कुकर ठेवून ठेवून एक तपकिरी गोल उमटलेला. वहिनींना क्वार्ट्झ (दगडाची पूड रेझिनमध्ये दाबून केलेला कृत्रिम दगड) नको होता कारण त्यांच्या बहिणीकडच्या पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचा डाग पडलाय तो काही केल्या जात नाही, आणि त्यात रेझिन असतं म्हणून गरम कढई थेट ठेवता येत नाही ती नाहीच. मार्बलचा प्रश्नच नाही, ज्या घरात रोज लिंबू, चिंच, आमसूल चालतं तिथे मार्बल म्हणजे महिन्याभरात चट्टे. ग्रॅनाइट चाललं असतं खरं तर, आणि मी तेच सुचवलं होतं, पण वहिनींनी कुठेतरी सोपस्टोन बघितला आणि त्यावर हात फिरवला आणि मग विषय संपला. त्या दगडावर हात फिरवला की तो साबण लावल्यासारखा गुळगुळीत लागतो, कारण त्यात टाल्क असतं, आपलं शंखजिरं. टाल्क म्हणजे सगळ्यात मऊ खनिज, मोहसच्या कडकपणाच्या मापात १. अर्थात ओट्याच्या दगडात नुसतं टाल्क नसतं, क्लोराइट, मॅग्नेसाइट वगैरे असतं म्हणून तो जरा कडक असतो, पण तरी ग्रॅनाइटच्या जवळपासही नाही. सुरीने ओरखडा पडतो. हे मी पहिल्याच दिवशी सॅम्पलवर किल्लीने रेघ मारून दाखवलं, लपवून काय उपयोग.

दगड मऊ आहे पण छिद्रं जवळजवळ नाहीत, पाणी शोषत नाही, आम्लाने ढिम्म हलत नाही. इथून जवळच नेल्सन काउंटीत स्कायलर नावाचं गाव आहे, तिथली खाण फार जुनी, अल्बरीन स्टोन कंपनी १८८३ ची. अमेरिकेतल्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या केमिस्ट्री लॅबमधले टेबल आणि सिंक याच दगडाचे असायचे. ज्या टेबलावर पोरांनी वर्षानुवर्षं आम्ल सांडलं त्याला आमसुलाच्या आगळाने काय होणार! तरी आम्ही सॅम्पलचे तुकडे घरी नेले आणि रात्रभर एकावर लिंबाची फोड, एकावर हळद घातलेलं तेल, एकावर आगळ ठेवलं. सकाळी लिंबाखाली फक्त वरचं तेल निघून फिकट गोल दिसत होता, परत तेल लावल्यावर गायब. हळद फडक्याने पुसली गेली. तेलाचा मात्र काळपट ठिपका राहिला, आणि तो राहणारच, सोपस्टोनला तेल लागलं की तो काळा होतो, हा त्याचा स्वभाव आहे, डाग म्हणू नका. काकूंनी तुकडा हातात घेऊन उलटापालटा बघितला आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या जुन्या कडप्प्यासारखाच दिसतोय की रे, एवढे डॉलर कशाला घालवताय?" दिसायला खरंच तसा दिसतो. फरक एवढाच की कडप्पा चुनखडीच्या जातीचा, त्याला लिंबू लागलं की खातं.

"आणि यावर नारळ फोडता येईल का?"

"नाही काकू. नारळ बाहेर पायरीवर फोडा."

स्कायलरचा दगड निळसर करडा, शिरा कमी आणि तुलनेने कडक. ब्राझीलचा, मिनास जेराइस भागातला, जास्त मऊ आणि त्यात पांढऱ्या-हिरवट शिरा पळतात. (रिओच्या त्या मोठ्या ख्रिस्ताच्या पुतळ्याला बाहेरून जे बारीक तुकडे लावलेत तेही सोपस्टोनचेच, १९३१ पासून पाऊसवारा खातायत.) मी स्थानिक दगडाच्या बाजूने होतो. वहिनींना शिरा हव्या होत्या. ब्राझीलचा स्लॅब घेतला.

आता मापं सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ओटा एल आकाराचा. खिडकीखालची लांब भिंत १२८ इंच, तिथे डावीकडून कोपऱ्याचं कॅबिनेट ३६, मग सिंकचं ३६, मग डिशवॉशर २४, मग ड्रॉवरचं ३२. दुसऱ्या भिंतीला ४२ इंचाचा तुकडा, मग शेगडी, मग ३० इंचाचा तुकडा. ओट्याची रुंदी, पुढून मागे, सगळीकडे साडेपंचवीस. स्लॅब आला ११० बाय ५५, जाडी ३ सेंटिमीटर. सोपस्टोनचे स्लॅब ग्रॅनाइटपेक्षा लहानच येतात. म्हणजे लांबीत दोन पट्ट्या निघतात, ११० च्या. १२८ ची भिंत एका पट्टीत बसत नाही, तिथे एक सांधा येणारच. वरच्या पट्टीतून लांब भिंतीचा मोठा तुकडा, खालच्या पट्टीतून त्याच भिंतीचे उरलेले ३२ आणि दुसऱ्या भिंतीचे ४२ आणि ३० मिळून १०४. एका स्लॅबमध्ये सगळं बसतंय, मित्र खूश, दुसरा स्लॅब घ्यावा लागत नाही.

मग मी स्लॅब ओला केला. हे मी प्रत्येक सोपस्टोनला करतो, पूर्ण पाणी मारायचं आणि वाळताना बघत बसायचं. सगळा दगड वाळतो आणि जिथे बारीक फट असते तिथे रेघ ओली राहते. बहुतेक शिरा नुसत्या रंगाच्या असतात, नखाला लागत पण नाहीत. पण वरच्या पट्टीत एक तिरकी शीर होती, बोटभर रुंद, फिकट हिरवी, दिसायला सगळ्यात देखणी, आणि तिच्या एका काठाने केसाएवढी ओली रेघ मिनिटं झाली तरी जाईना. बोटाच्या पेराने ठोकलं तर बाकी दगड टणटण आणि तिथे आवाज बसका. ती शीर, स्लॅबच्या डाव्या टोकापासून मोजलं तर, पुढच्या कडेला ४५ इंचावर सुरू होऊन मागच्या कडेला ७० वर निघत होती.

सिंकसाठी दगडात कापायचं भोक, म्हणजे कटआउट, ओट्याच्या डाव्या टोकापासून ३९ ते ६९ इंच. म्हणजे स्लॅब डाव्या टोकापासून लावला असता तर शीर सिंकच्या पुढे उरणाऱ्या दगडाच्या चिंचोळ्या पट्टीतून पण जाणार आणि मागच्या पट्टीतून पण. पुढची पट्टी साडेतीन इंचांची असते फक्त. सगळ्या ओट्यात तीच सगळ्यात नाजूक जागा, तिथेच माणूस पोट टेकवून भांडी घासतो, तिथेच पोरं लोंबकळतात, आणि बसवताना तुकडा उचलला की पहिला ताण तिथेच. तिथे फट असलेली शीर टाकायची म्हणजे ठरवून मोडण्यासारखं आहे.

शॉपमधल्या सीनियर माणसाचं म्हणणं होतं की सरळ सिंकच्या मधोमध सांधा घ्या. हे वेडपट नाहीये, बरेच जण करतात. सांधा पुढे साडेतीन आणि मागे साडेपाच इंचच दिसतो, तुकडे हलके होतात, दाराजिन्यातून नेणं सोपं, आणि त्या शिरेचा तुकडा कापूनच टाकता येतो. मला ते पटलं नाही. सिंकजवळचा सांधा कायम ओला, या घरात दिवसातून चार वेळा भांडी पडणार, आणि नळाशेजारी सांध्यात इपॉक्सी (दगड चिकटवायचा रेझिनचा गोंद) कितीही चांगली भरली तरी सिंकच्या वजनाने दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलल्या की आधी तिथेच रेघ उमटते. दुसरी सोपी वाटणारी जागा डिशवॉशरच्या वर, ती तर नकोच, तिथे खाली आधारच नाही आणि वाफ वेगळी. मला सांधा हवा होता ९६ वर, डिशवॉशर संपून ड्रॉवरचं कॅबिनेट सुरू होतं तिथे, म्हणजे खाली कॅबिनेटची उभी फळी येते. मोठा तुकडा ९६, सिंक त्यात अखंड, आणि पुढे ३२ चा तुकडा.

९६ चा तुकडा ११० च्या पट्टीत, म्हणजे मला १४ इंच इकडेतिकडे सरकवायला मोकळीक. पातळ फळीच्या पट्ट्यांचं टेम्प्लेट स्लॅबवर ठेवून एकेक इंच सरकवत गेलो. १३ इंच उजवीकडे सरकवल्यावर शीर पुढच्या कडेला ३२ वर आली, म्हणजे सिंकच्या बाहेर, कोपऱ्याच्या कॅबिनेटवर, खाली पूर्ण आधार. तिथून तिरकी जाऊन सिंकच्या डाव्या बाजूला कटआउटमध्ये शिरते, म्हणजे मधला भाग कापून जातोच, आणि मागच्या पट्टीत परत उगवते ५२ ते ५७ च्या दरम्यान. पुढची पट्टी सुटली! मागची पट्टी साडेपाच इंचांची, तिला भिंतीला लाकडी पट्टी ठोकून अख्ख्या लांबीचा आधार देता येतो, आणि तिच्यावर कुणी रेलत नाही. उजवीकडे स्लॅबचा जेमतेम इंचभर उरला. स्लॅब उलटा फिरवूनही जमलं असतं पण मग ९६ च्या सांध्याला पुढच्या तुकड्याच्या शिरा अगदीच जुळत नव्हत्या.

फक्त एक झालं, सिंकचं मध्य ५४, म्हणजे नळाचं भोक बरोबर शिरेवर. शिरेत भोक पाडलं की पट्टीचे दोन तुकडे होणार हे नक्की. नळ ५ इंच उजवीकडे ५९ वर घेतला आणि साबणाच्या बाटलीचं वेगळं भोक रद्द केलं. मित्राला ते खटकलं, त्याला सगळं मधोमध लागतं (सोफापण टीव्हीच्या मध्यावर माप घेऊन ठेवलेला माणूस आहे). त्याला म्हटलं की तुला सिमेट्री हवी का ओटा हवा ते सांग. वहिनींनी निकाल दिला, त्या उजव्या हाताने भांडी घासतात, नळ उजवीकडे आलेला बराच.

खालून पुढच्या पट्टीत लांबीने आणि मागच्या पट्टीत शिरेला आडवी अशी खाच मारून त्यात फायबरग्लासची कांडी इपॉक्सीत बसवली. साधी लोखंडी सळई घालू नका, पाणी लागलं की गंजते, फुगते आणि आतून दगड फोडते, आणि हे ओट्याखाली होत असल्याने कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कटआउटचे कोपरे काटकोनात न कापता आधी गोल भोकं पाडून मग सरळ कापले, टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

धुळीबद्दल एक सांगायला हवं. सोपस्टोन लाकडाच्या अवजारांनीही कापता येतो म्हणून लोक गॅरेजमध्ये सर्क्युलर सॉ घेऊन सुरू करतात, आणि टाल्कची पूड आहे, पावडरीसारखीच, काय होतंय असं म्हणतात. काही खाणींच्या सोपस्टोनमध्ये ट्रेमोलाइट, अँथोफिलाइटसारखी ॲस्बेस्टॉसच्या जातीची खनिजं असू शकतात, म्हणून सप्लायरकडून टेस्ट रिपोर्ट मागायचा, पाणी मारत कापायचं आणि चांगला मास्क लावायचा. क्वार्ट्झच्या स्लॅबपेक्षा हा बरा एवढंच, क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते आणि तिच्या धुळीने कापणाऱ्या पोरांची फुप्फुसं गेल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आमच्या शॉपमध्ये क्वार्ट्झ अजून चालतो, त्यावर मी बोलत बसत नाही इथे.

बसवायच्या आधी मित्राला सांगितलं होतं की कॅबिनेट लेव्हलमध्ये आण, आणि तो म्हणाला आहेत लेव्हलमध्ये. लांब पट्टी ठेवून बघितलं तर १० फुटांत पाव इंचाहून जास्त उतार, जुन्या घराची जमीन बसलेली. भिंती तर गुण्यात नव्हत्याच, पण त्याचं विशेष नाही, सोपस्टोनची मागची कड जागेवर ग्राइंडरने भिंतीप्रमाणे घासून घेता येते, ग्रॅनाइटला हे लाड चालत नाहीत. लेव्हलचं मात्र तसं नाही. कॅबिनेट आणि दगड यांच्यात मध्ये मध्ये पाचरी मारून दगड लेव्हल करायचा हा सगळ्यात वाईट शॉर्टकट, दगड पाचरींवर अधांतरी राहतो आणि मग एक दिवस कुकर जोरात आदळला की तडा. त्यामुळे पाचरी कॅबिनेटच्या खाली, जमिनीवर. अर्धा दिवस त्यात गेला आणि मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता.

मोठा तुकडा कटआउट वजा जाता साधारण ११० किलो. चौघांनी उभा धरून आणला, आडवा कधीच धरायचा नाही, आणि सिंकच्या भोकावर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी क्लँप करून. खिडकीच्या चौकटीला टेकणार असं वाटलं पण बसला. सिंक दगडाला खालून टांगला नाही. मऊ दगडात स्क्रूचे अँकर धरत नाहीत, आणि या मापाचा सिंक काठोकाठ भरला तर नुसतं पाणीच ७० किलोच्या आसपास, वर भांडी. म्हणून कॅबिनेटच्या आत लाकडी चौकट करून सिंक तिच्यावर बसवला आणि दगड आणि सिंकमध्ये फक्त सिलिकॉन. डिशवॉशरचे स्क्रूसुद्धा दगडात न मारता बाजूच्या कॅबिनेटला.

९६ च्या सांध्यात इपॉक्सीत याच दगडाची पूड कालवून भरली. दुसऱ्या दिवशी जागेवरच सँडरने ८०, १२०, २२० अशा पेपरने घासलं, प्लास्टिक टांगून आणि व्हॅक्युम लावून, तरी पुढचे दोन आठवडे फ्रिजवर पांढरी पूड सापडत होती. इथे एक खुबी आहे, सँडरचं पॅड मऊ असेल तर ते टाल्कच्या मऊ शिरेत जास्त खातं आणि तिथे खळगा पडतो, वरून दिसत नाही पण उजेड तिरका पडला की लाट दिसते. म्हणून कडक पॅड, आणि शिरेवर लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून हाताने. सांधा आज मला माहीत आहे म्हणून दिसतो.

वहिनींना सिंकच्या उजवीकडे पाणी निथळायला कोरलेल्या खाचा हव्या होत्या, भांडी पालथी घालायला. ती जागा नेमकी डिशवॉशरच्या वर, खाली आधार नसलेली. मी आधी नाही म्हटलं, मग चार खाचा दिल्या, सुरुवातीला २ मिलिमीटर आणि सिंकपाशी ६, त्याहून खोल नाही. राउटरखाली (खाचा कोरायचं यंत्र) उताराची फळी ठेवून कोरल्या. कड टोकदार न ठेवता थोडी गोल केली कारण कुकर धुताना कडेला बसणारच.

तेलावरून घरात वाद झाला. काकूंचं म्हणणं की बाटलीभर महागडं मिनरल ऑइल कशाला, शेंगदाण्याचं आहे ना घरात. गोडं तेल लावलं तर ते खवट होतं, चिकट होतं आणि वर धूळ बसते. मिनरल ऑइल खवट होत नाही, आणि महाग पण नाही, इकडे फार्मसीत बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून मिळतं तेच. हे ऐकून काकू एवढ्या हसल्या की वाद तिथेच मिटला. तेल लावल्याने दगड सील वगैरे होत नाही, मुळात सील करण्यासारखं काही नाहीच, फक्त सगळीकडे एकसारखा काळा दिसतो. सुरुवातीला दर दोन-तीन आठवड्यांनी लावलं, मग लांबत गेलं.

वर्ष उलटल्यावर परत जाऊन बघितलं. शेगडीच्या दोन्ही बाजूंना फोडणीच्या तेलाने आपोआप काळं झालंय, तिथे कुणी तेल लावत नाही. कढई, तवा, कुकर सगळं थेट ठेवतात, काही झालेलं नाही. डाळीचे स्टीलचे डबे ओढून ओढून ड्रॉवरच्या बाजूला बारीक पांढऱ्या रेघा, त्या २२० च्या पेपरने आणि थोड्या तेलाने वहिनी स्वतःच घालवतात. एका ठिकाणी खलबत्त्याचा गोल खळगा आहे, तो कुणाच्या हातून झाला यावर घरात एकमत नाही. नळाच्या बुडाशी जड पाण्याचा फिकट गोल. आणि मागच्या पट्टीतली ती शीर, तिच्यावर पाणी मारून वाळेपर्यंत थांबलो, ओली रेघ लांब झालेली नाही, जेवढी होती तेवढीच. आता मित्राला आरओचा नळ बसवायचाय आणि त्याला तो मोठ्या नळाच्या डाव्या बाजूला, बरोबर ५४ वर हवाय. मी त्याला सांगितलंय की ड्रिल घेऊन तिकडे जाऊ नकोस, बसवायचाच असेल तर ६४ च्या पुढे.